दुष्काळाची रंगीत तालीम

"तो फिर यह काम कौन सँभालेगा?" असं शेखावतजींनी विचारलं आणि नेमके त्याच क्षणी सर्जेराव मोटे खुर्चीवरून उठले. ते उठले होते पंख्याखालची खुर्ची रिकामी झाली म्हणून. पण वृंदा अपार्टमेंटच्या सोळा कुटुंबांपैकी सभेला आलेल्या अकराजणांनी एकदम टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजल्यावर पुन्हा खाली बसणं सर्जेरावांच्या स्वभावात नव्हतं.

विषय पाण्याचा होता. एप्रिल सुरू झाला होता, इमारतीच्या बोअरवेलने दिवाळीपासूनच पाण्याऐवजी नुसती घरघर द्यायला सुरुवात केली होती, आणि सगळा भार सकाळच्या सरकारी पाण्यावर आला होता. ते खालच्या हौदात पडायचं, पंपाने गच्चीवरच्या बारा हजार लिटरच्या टाकीत चढायचं आणि संध्याकाळपर्यंत सोळा घरांच्या नळांतून संपूनही जायचं. उद्या हेच पाणी एक दिवसाआड झालं तर काय करायचं, याची आखीव योजना हवी, असं सोसायटीचे सेक्रेटरी शेखावतजी यांचं म्हणणं होतं.

"मैं आटपाडी का हूँ," सर्जेरावांनी सुरुवात केली. आटपाडी कुठे आहे हे जयपूरच्या तिलकनगरात सभा भरलेल्या त्या पार्किंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. "जिला सांगली. एकदम सूखा इलाका. अकाल क्या होता है, मैंने अपनी आँखों से देखा है।"

समोर बसलेल्यांत कुणी वाळवंटाकाठच्या चुरूचं होतं, कुणी नागौरचं. शेखावतजींच्या मातोश्री, ज्यांना सगळी इमारत माजीसा म्हणायची, त्या तर फलोदीकडच्या वाळूत वाढलेल्या. या मंडळींनी सर्जेरावांचं दुष्काळावरचं भाषण इतक्या सौजन्याने ऐकून घेतलं, की जणू लहान मुलाने पाहुण्यांसमोर पाढे म्हणावेत आणि पाहुण्यांनी माना डोलवाव्यात. शेवटी माजीसांनी मुलाला एवढंच विचारलं, "ये दुबले वाले मोटेजी क्या बोल रहे हैं?"

इथे एक सांगायला हवं. सर्जेरावांची उंची पाच फूट दहा इंच आणि वजन सत्तावन्न किलो. महाराष्ट्रात असेपर्यंत आडनावाने त्यांना कधी त्रास दिला नव्हता. विमा कंपनीने बदली करून जयपूरला पाठवलं आणि 'मोटेजी' म्हणताच समोरच्या माणसाची नजर त्यांच्या खांद्यांवरून घसरत पोटापर्यंत जाऊन रिकामीच परत यायला लागली. दोन वर्षं झाली तरी सर्जेरावांना त्याची सवय झाली नव्हती. त्यामुळे आपली ओळख एखाद्या भरीव कामाने व्हावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, गिरिजाला, बातमी दिली.

"मला जलसमितीचा अध्यक्ष केलंय."

"समितीत आणखी कोण आहे?"

"अजून कुणी नाही."

"मग अध्यक्ष कशाचे?" असं म्हणून गिरिजा कणीक मळायला लागली.

पण सर्जेराव खचणारे नव्हते. त्यांनी रविवारभर बसून योजना तयार केली. तिला चौदा पानं, तीन परिशिष्टं आणि एक तक्ता होता. त्यात 'बादली' या शब्दाची व्याख्या होती. 'अत्यावश्यक आंघोळ' आणि 'ऐच्छिक आंघोळ' असे दोन वेगळे रकाने होते. मिशी असलेल्या पुरुषांना दाढीच्या पाण्यात किती कपात करता येईल, याचा तर स्वतंत्र हिशेब होता. पण योजनेचा खरा आत्मा शेवटच्या पानावर होता: एक रविवार ठरवून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा टाकीचा मुख्य वॉल्व्ह बंद करायचा, प्रत्येक घराने फक्त तीन बादल्यांवर दिवस काढायचा आणि त्यातून काय शिकायला मिळतं ते पाहायचं.

"बाबा, मतलब आपण खोटाखोटा दुष्काळ करणार?" अकरावीतल्या प्रणालीने विचारलं. दोन वर्षं शाळेत हिंदी-इंग्रजीच कानावर पडल्यामुळे तिचं मराठी मधूनच रूळ बदलायचं.

"खोटा नाही. तालीम. आग लागण्याआधी ऑफिसात फायर ड्रिल करतात, तसं."

"पण फायर ड्रिलमध्ये आग नाही ना लावत."

सर्जेरावांनी चौदाही पानं पुन्हा एकदा चाळली.

ऑफिसात आयुष्य गेलेल्या माणसाला कुणाला तरी अर्ज दिल्याशिवाय काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. शिवाय पहिल्या मजल्यावरच्या माथुरसाहेबांनी, जे सचिवालयातून निवृत्त झाले होते आणि अजून मनाने तिथेच बसत होते, "पूर्वसूचना तो देनी पड़ेगी" असं बजावलं होतं. म्हणून सर्जेराव अर्धी रजा टाकून पाण्याच्या ऑफिसात गेले. खिडकीमागचा गृहस्थ फार अदबशीर होता.

"बताइए, पानी नहीं आ रहा?"

"आ रहा है।"

"कम आ रहा है?"

"नहीं, बराबर आता है।"

"गंदा?"

"एकदम साफ।"

त्या गृहस्थाने पेन खाली ठेवलं. अशी तक्रार घेऊन त्याच्याकडे यापूर्वी कुणी आलं नसावं. "तो फिर?"

"हमें एक दिन पानी बंद करना है। सूखे की प्रॅक्टिस।"

गृहस्थाने आधी सर्जेरावांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. बाहेर ऊन रणरणत होतं आणि सर्जेराव दुचाकीवरून आलेले. तो उठला, माठातून पेलाभर पाणी घेऊन आला आणि खिडकीतून पुढे करत म्हणाला, "गर्मी बहुत है भाईसाहब। पहले पानी पी लीजिए।"

पाणी पिऊन झाल्यावर त्याने शांतपणे समजावलं की इमारतीतला वॉल्व्ह इमारतीचा आहे, तो हवा तेव्हा उघडा, हवा तेव्हा लावा. आमचा काही संबंध नाही. सर्जेरावांनी तरीही अर्जावर पोच मागितली. त्याने दिली. तो शिक्का बघून माथुरसाहेब प्रसन्न झाले, आणि आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा रविवार पक्का ठरला.

सल्ल्यांना मग सुमार राहिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की ताटं राखेने घासावीत. राख कुठून आणायची ते सांगितलं नाही. एकजण म्हणाला, उपवासाचा दिवस धरा, म्हणजे भांडीच पडणार नाहीत. तिसऱ्याने घरच्यांना घेऊन त्या दिवशी सासरवाडीला जाण्याची परवानगी मागितली. सर्जेरावांनी ती नाकारली, तेव्हा तो म्हणाला की सासरवाडीपेक्षा दुष्काळच बरा, मला फक्त नाही म्हणणारं कुणी तरी हवं होतं. माथुरसाहेबांनी अठ्ठेचाळीस शंकांची यादी दिली. तिच्यातली एकतिसावी शंका होती, 'पाहुण्याने पाणी मागितल्यास ते कुणाच्या हिश्शातलं?'

एकट्या माजीसांनीच सल्ला दिला नाही. लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा त्यांनी सर्जेरावांच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटा, थारे गाँव में पाणी कौन लाता था?"

"हम सब, माजीसा," सर्जेराव म्हणाले आणि घाईने जिन्याने निघाले.

आता शनिवार. सर्जेरावांनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आठवण टाकली: 'उद्या सहा वाजता पाणी बंद. प्रत्येकी तीन बादल्या.' हा संदेश वाचून वृंदा अपार्टमेंटमध्ये जे सुरू झालं, ते आटपाडीलाही कधी झालं नसेल. ड्रम निघाले. पिंपं निघाली. कुणी बाथटब भरला, कुणी लहान मुलांचा फुगवायचा तलाव भरला. एका घरात प्रेशर कुकर, इडलीपात्र आणि लग्नात मिळालेले चोवीस पेले शिगोशीग भरून ओळीने मांडले होते. दुपारी तीनलाच टाकी कोरडी पडली. पंप पुन्हा लावला. ती पुन्हा रिकामी झाली. इमारत झाल्यापासून एका दिवसात इतकं पाणी कधीच लागलं नव्हतं, असं पंप चालवणाऱ्या चौकीदाराने सांगितलं. शेवटी हौदात होतं-नव्हतं ते सगळं खेचून टाकी तिसऱ्यांदा भरली, तेव्हा कुठे रविवारची सोय झाली.

"आपल्याकडे किती भरलंय?" सर्जेरावांनी कठोर आवाजात विचारलं.

"तीन बादल्या," गिरिजा म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि कपड्यांचं मशीन. आणि माळ्यावरचं घंगाळ. आणि हे बघा, तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ नका."

रविवारी बरोबर सहाला गच्चीवर छोटासा समारंभ झाला. टाकीच्या पोटाखाली एक जाडजूड लोखंडी वॉल्व्ह होता. त्याला मोटारीच्या स्टिअरिंगएवढं चाक होतं, आणि ते चाक पंधरा वर्षांत कुणी फिरवलं नव्हतं. सर्जेराव आणि शेखावतजी दोघांनी मिळून जोर लावला. आधी ते हललंच नाही. मग एकदम कर्कश किंचाळून फिरलं आणि बंद झालं. प्रणालीने फोटो काढला. वाकलेले सर्जेराव त्यात प्रश्नचिन्हासारखे दिसत होते, पण चेहऱ्यावर तेज होतं.

तालीम म्हणून तो दिवस अगदी वाया गेला. कुणालाच काही कमी पडलं नाही. उलट भरलेल्या पाण्याची विल्हेवाट कशी लावायची हीच पंचाईत. संध्याकाळचे पावणेसहा वाजले तसा सगळ्यांना हुरूप आला: आता ताजं पाणी येणार, मग हे शिळं कशाला ठेवायचं? पंधरा मिनिटांत चार गाड्या धुतल्या गेल्या, गॅलऱ्या धुतल्या गेल्या, जिना धुतला गेला. एका घरातून तर चोवीस पेले एकामागून एक खिडकीबाहेर रिते झाले. सर्जेराव वरून ते पाहत होते आणि दात-ओठ खात होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, वॉल्व्हपाशी वाकले आणि चाक उलटं फिरवलं.

कट्, असा आवाज झाला आणि चाक हातात आलं.

नुसतं चाक. त्याच्या मधोमध तुटलेल्या दांड्याचं बोटभर टोक होतं. उरलेला दांडा आत वॉल्व्हमध्ये, बंद अवस्थेत, कायमचा बसला होता. सर्जेराव ते चाक दोन्ही हातांत धरून उभे राहिले. वर बारा हजार लिटर पाणी, खाली सोळा घरांचे कोरडे नळ आणि मध्ये ते, अदृश्य गाडी चालवत असल्यासारखे.

"खुल गया?" खालून शेखावतजींनी ओरडून विचारलं.

सर्जेरावांनी कठड्यावरून वाकून ते चाक दाखवलं.

प्लंबर रामधनजींना फोन लावला. मागे बँड वाजत होता. "साहब, गाँव में हूँ। आखातीज है, तीन शादियाँ हैं। गुरुवार को आऊँगा। टंकी खाली करके रखना।" दुसरे दोन प्लंबर शोधले, तेही लग्नात. गोपालपुऱ्यातल्या होस्टेलांची कामं करणारा एकजण कसाबसा मिळाला. तो आला, खाली वाकून बघून गेला. म्हणाला, हा वॉल्व्ह कापून काढावा लागेल, पण काढला की टाकीतलं सगळं पाणी धबाधबा बाहेर येईल, तेव्हा आधी टाकी रिकामी करा. आणि नवा वॉल्व्ह बसवायला त्यालाही वेळ नव्हता. त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं.

रात्रीचं जेवण होण्याआधी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. लोक नम्र होते, हेच सर्जेरावांना जास्त लागलं. कुणी ओरडलं असतं तर त्यांना उलट ओरडता आलं असतं. माथुरसाहेब म्हणाले, "वह बत्तीसवाँ प्रश्न था मेरा। 'वॉल्व न खुले तो?' आपने उत्तर नहीं दिया।"

खालचा हौद गेल्याच वर्षी पार्किंगच्या नव्या फरशीखाली गाडला गेला होता. त्यात पंपाच्या पाइपाशिवाय काहीच शिरत नव्हतं. तेव्हा जे काही पाणी होतं ते वरच्या टाकीत. शेखावतजींनी बागेचा लांब पाइप आणला. टाकीच्या झाकणातून आत सोडला, दुसरं टोक तोंडात धरून ओढला आणि घशाशी पाणी येईपर्यंत ओढत राहिले. पाणी उतरलं खरं, पण पाइप आधी कुणाच्या खिडकीत न्यायचा यावर तिसरा आणि दुसरा मजला यांच्यात जुंपली. दोघांनी दोन बाजूंना ओढला. पाइप मधोमध फाटला आणि नेमका माथुरसाहेबांच्या वाळत घातलेल्या गाद्यांवर कोसळला.

आता टाकीच सोडून द्यावी, असं माथुरसाहेब भिजलेल्या गाद्यांकडे पाहत म्हणाले. "गटर में जाने दो सारा पानी। खाली होगी तो कोई भी प्लंबर लगा देगा।"

तेव्हा माजीसा उठल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या ताठ. त्यांचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही.

"पाणी फेंकोगे?" त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "कल सुबह पाँच बजे सब छत पर आना। रस्सी लाना।"

सोमवारी सकाळी गच्चीवर जे दृश्य होतं ते तिलकनगराने पूर्वी पाहिलं नसणार. जिन्याच्या खोलीच्या सावलीत खुर्ची टाकून माजीसा बसल्या होत्या. टाकीच्या लोखंडी शिडीवर चढून एकजण झाकणातून दोराला बांधलेली बादली आत सोडत होता, भरून वर ओढत होता आणि खाली उभ्या असलेल्याच्या हाती देत होता. रांग जिन्यापर्यंत गेली होती. लिफ्ट भिजेल म्हणून माथुरसाहेबांनी ती बंद केली होती, त्यामुळे प्रत्येकजण आपापली बादली जिन्यानेच उतरवत होता.

बादली ओढण्याचा पहिला मान अर्थातच अध्यक्षांचा. सर्जेराव शिडीवर चढले, दोर सोडला. बादली पाण्यावर तरंगत राहिली. त्यांनी दोर हलवला. बादली गोल फिरली. त्यांनी जोरात आपटली, तेव्हा ती उलटी होऊन हवा धरून बसली. खाली रांगेत कुणी खोकलं.

"रस्सी को झटको मत," माजीसा खालून म्हणाल्या. "ढीला छोड़ो। बाल्टी खुद टेढ़ी होगी।"

त्यांनी ढील दिली. बादली कलली, बुडली, जड झाली. ओढताना दोर तळहातातून सरसरत गेला आणि कातडं सोललं गेलं. चौथ्या बादलीला त्यांचे दंड थरथरायला लागले. रांगेतल्या चुरूकडच्या एका बाईंनी येऊन दोर घेतला आणि बोलता बोलता सहा बादल्या काढल्या.

माजीसांनी सर्जेरावांना आपल्याजवळ बसवलं. तळहात उलटा करून पाहिला. पुन्हा तोच प्रश्न विचारला नाही, पण सर्जेरावांना तो ऐकू आला.

"माझी आई आणायची," ते म्हणाले. मराठीतच निघालं तोंडून. मग हिंदीत: "माँ लाती थी, माजीसा। और काकी। मैं तो पढ़ता था। मुझे कोई उठाने नहीं देता था।"

"हाँ," माजीसा म्हणाल्या. "म्हारे यहाँ भी भाई लोग अकाल देखते थे। पाणी हम लाते थे।" आणि त्या हसल्या. वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं, तरी सर्जेरावांना ऑफिसात जाईपर्यंत मान वर करावीशी वाटेना.

त्या संध्याकाळी त्यांनी आटपाडीला फोन लावला.

"आई, आज मी पाणी शेंदलं."

"काय केलंस?"

"पाणी शेंदलं. टाकीतनं. दोरानं."

म्हातारी इतकी हसली की प्रणाली आपली वही टाकून जवळ आली. "आरं, तुला तवा पाटी-पेन्सिल सोडून कायबी उचलाय दिलं न्हाई आन् आता या वयात? कंबर धरली का?"

"खांदे धरलेत."

"तेल लाव. आन् पाणी नसंल तर इकडं या समदी. आता कॅनॉल आलाय की आपल्याकडं. शेजारच्या बाळूनं ऊस लावलाय."

सर्जेरावांनी दचकून इकडे तिकडे पाहिलं. चहाची पत्ती मागायला आलेल्या शेखावतजींच्या सूनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण प्रणालीला दोन्ही भाषा येत होत्या आणि तिने तत्परतेने सांगितलं, "दादी बोल रही हैं, आटपाडी में अब बहुत पानी है। गन्ना लगा है।"

मंगळवारपर्यंत ही बातमी चौथ्या मजल्याला पोचली. मात्र लोकांचं लक्ष आता दुसरीकडेच होतं. जिन्याने चार मजले उतरवलेली बादली माणूस वेगळ्याच नजरेने पाहतो. भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसली जाऊ लागली. आंघोळी बसून, तांब्याने व्हायला लागल्या. दात घासताना नळ सोडून गाणं म्हणणारे वृंदातले सगळे गायक गप्प झाले. गच्चीवर सकाळ-संध्याकाळ गप्पा रंगायला लागल्या. दोन वर्षांत लिफ्टमध्ये फक्त मान हलवणारी माणसं एकमेकांच्या बादल्या उचलू लागली. गिरिजाला चुरूच्या बाईंनी वाळवंटी केर-सांगरीची भाजी शिकवली, गिरिजाने त्यांना ठेचा दिला, आणि ठेचा खाऊन त्या घरात त्या दिवशीचं पिण्याचं पाणी वेळेआधी संपलं. माथुरसाहेब एक वही घेऊन बसायचे आणि कुणी किती बादल्या नेल्या ते टिपायचे. स्वतःच्या बादल्या टिपताना त्यांचा चेहरा इतका गंभीर व्हायचा, की जणू स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस बजावतायत.

सर्जेरावांनी मंगळवारी सात बादल्या काढल्या, बुधवारी अकरा. बुधवारची अकरावी बादली त्यांनी एका झटक्यातही न हिंदकळता वर आणली आणि सहज म्हणून रांगेकडे पाहिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. त्यांना वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी रामधनजी आले, डोक्याला अजून लग्नाचा फेटा आणि हातात नवा पितळी वॉल्व्ह. शिडीवर चढून झाकणातून आत डोकावले आणि तसेच मागे वळले.

"साहब, ये तो आधी भरी पड़ी है। मैंने कहा था खाली करके रखना।"

सर्जेराव स्वतः चढून बघून आले. खरंच. जी टाकी एका दिवसात संपायची, तिच्यात चौथ्या दिवशीही पाच हजार लिटर शिल्लक होतं.

"मैं ग्यारह बजे तक रुकता हूँ," रामधनजी म्हणाले. "फिर आगे काम है। सोमवार को आऊँगा।"

आणि अशा रीतीने जलसमितीचे अध्यक्ष सर्जेराव मोटे सकाळी आठ वाजता, सोललेले तळहात जोडून, दारोदार पाणी वापरा म्हणून सांगत निघाले.

"बहेनजी, आज कपड़े धो लीजिए। जितने हैं उतने।"

"कल ही धोए, भाईसाहब। परसों तक चलेंगे।"

"गाड़ी धो लीजिए।"

"पागल हो गए हैं क्या? पानी से?"

दुसऱ्या मजल्यावर त्यांना सरळ सुनावण्यात आलं की, आप ही ने तो सिखाया. तिसऱ्यावर दार उघडलंच नाही. ज्यांनी पेले खिडकीतून ओतले होते त्या घरात त्यांनी निदान दोन बादल्या तरी ओता अशी अक्षरशः गयावया केली; तेव्हा त्या घरच्या आजोबांनी त्यांना पाण्याचं मोल यावर दहा मिनिटं ऐकवलं. माथुरसाहेब म्हणाले, "लिखित में दीजिए।" त्यांनी लिहून दिलं: 'सर्व सभासदांनी आज पाणी सढळ हाताने वापरावे. - अध्यक्ष, जलसंवर्धन समिती.' माथुरसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि कपाटात सांभाळून ठेवून दिला.

घरी येऊन सर्जेरावांनी गिरिजाला सांगितलं, "निदान तू तरी वापर. मी दोन बादल्यांनी आंघोळ करतो."

ते आत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. दुसरी बादली शिगोशीग भरलेली तशीच होती.

"होईना," ते म्हणाले. "हातच जाईना."

साडेनऊला ते माजीसांसमोर जाऊन उभे राहिले. माजीसा मटार सोलत होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "बाहर गायों की खेळी कब से सूखी है, देखी?"

गल्लीच्या तोंडाशी जनावरांसाठी दगडी कुंड होतं. रोज त्याच्यावरून जाऊनही ते कोरडं आहे हे सर्जेरावांनी पाहिलं नव्हतं. आणि रस्त्याकडेने लावलेली कडुलिंबाची बारा रोपं, जी पिवळी पडली होती. आणि झाडांना टांगलेले, पक्ष्यांना पाणी ठेवायचे मातीचे परिंडे, ज्यांच्या तळाशी नुसती धूळ होती.

यापुढे कुणाला विनवावं लागलं नाही. पाणी ओतायला जे हात तयार नव्हते, ते पाजायला एका मिनिटात तयार झाले. टाकीच्या माथ्यावर चढून चौघांनी एकदमच चार दोर सोडले आणि रांग गच्चीपासून रस्त्यापर्यंत लागली. सर्जेराव शिडीवर, खाली शेखावतजी, जिन्यात प्रणाली आणि तिच्या मैत्रिणी, फाटकात गिरिजा. माथुरसाहेबांनी लिफ्ट उघडली, आणि हे मी विशेष बाब म्हणून करतोय असं तीनदा सांगितलं. कुंड भरलं, रोपं भिजली, शेजारच्या दोन इमारतींतले लोक आपापल्या बादल्या घेऊन आपल्या झाडांसाठी मागायला आले. कुठूनशा सात गाई आल्या आणि त्यांतली एक थेट फाटकातून आत शिरून माथुरसाहेबांच्या गाद्यांपाशी गेली. अकराला पाच मिनिटं कमी असताना शेवटच्या बादलीने तळ खरवडला.

रामधनजींनी वॉल्व्ह बसवला. पंप सुरू झाला. दुपारी सोळा घरांत नळांनी आधी खोकून घेतलं आणि मग पाणी आलं. बायकांनी ते बघितलं आणि बहुतेकींनी लगेच नळ बंद केला.

रविवारच्या सभेचं इतिवृत्त माथुरसाहेबांनी लिहून आणलं होतं. त्यात म्हटलं होतं की बारा तासांची तालीम प्रत्यक्षात चार दिवस चालली, पाण्याचा वापर चौथाईवर आला, आणि 'वॉल्व तोडने हेतु' अध्यक्षांचे आभार मानण्यात येत आहेत.

सर्जेराव ताबडतोब उठले. "तोडने शब्द पर मेरी आपत्ति है। वह टूटा।"

यावर वीस मिनिटं चर्चा झाली. 'टूटने हेतु' हे व्याकरणाला धरून नाही, असं माथुरसाहेबांचं मत पडलं. शेखावतजींनी 'न खोल पाने हेतु' सुचवलं. त्याने अब्रू आणखीच जात होती. शेवटी 'वॉल्व संबंधी सेवाओं हेतु' यावर एकमत झालं आणि सर्जेराव समाधानाने खाली बसले.

तेवढ्यात माजीसा मागच्या रांगेतून म्हणाल्या, "अगली बार कब है? इस बार आठ दिन रखना। चार दिन में तो बस मज़ा आने लगा था।"

ठराव मताला टाकला. सगळे हात वर झाले. सर्जेरावांचा खांदा मात्र अजून धरलेला होता. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. माथुरसाहेब पेन उचलून त्यांच्याकडे बघत थांबले.

गिरिजाने शेजारून तो कोपराशी धरला आणि नीट वर करून दिला.